मास्तर, तुमचं शिक्षण किती?

साताऱ्यात नवा मास्तर बदलून आला की पोवई नाक्यावर त्याची फाइल उघडते. कागदी नव्हे, तोंडी. पहिल्या दिवशी गाव कळतं. दुसऱ्या दिवशी सासुरवाडी कळते, आणि ती माण-खटावातली निघाली तर ‘मग पाण्याचं दुःख ठाऊक असणार माणसाला’ असा शेराही पडतो. आठवडाभरात बायको काय करते, भाऊ किती, वाटण्या झाल्यात का, प्लॉट शाहूपुरीत घेतलाय की गोडोलीत, त्याचं कर्ज शिक्षक बँकेचं की पतसंस्थेचं, आणि बँकेच्या निवडणुकीत स्वारी कुठल्या पॅनेलमागं उभी असते, इथपर्यंत मजल जाते. पंधरवड्यात अशी वेळ येते की मास्तरला स्वतःबद्दल काही आठवेनासं झालं तर त्यानं नाक्यावर येऊन विचारावं. एकच गोष्ट या फाइलीत कधी चढत नाही. मास्तर स्वतः किती शिकलाय?

मुद्दाम कुणाला विचारून बघा. समोरचा चहाचा पेला खाली ठेवून आपल्याकडंच बघतो. “असंल की डी.एड., बी.एड. कायतरी. सरकारनं काय उगंच घेतलाय व्हय?”

सांगलीत माझी अक्का असते, विश्रामबागेत. तिथं हीच चौकशी शाळेच्या फाटकापाशी, मुलांची वाट बघत उभ्या असलेल्या स्कूटरींवर चालते. नाट्यपंढरीच ती, तेव्हा प्रत्येक प्रश्नाला प्रवेश असतो आणि प्रत्येक उत्तराला टाळी.

“नव्या मॅडम कुठल्या ओ?”

“मिरजेच्या.”

“मिरजेत कुठल्या?”

“ब्राह्मणपुरीतल्या.”

“अगंबाई! तिथं आमच्या जावेची मावशी असते!”

संपलं. मॅडम पास. जावेच्या मावशीच्या गल्लीत राहणारी बाई गणित चुकीचं शिकवेल कशी? आमच्याकडं पात्रता ही सिद्ध करायची गोष्ट नाही, ओळखीतून निघायची गोष्ट आहे.

शाळा मात्र आपल्या बाजूनं अशी गाफील राहत नाही. प्रवेशाच्या फॉर्मवर वडिलांचं शिक्षण, आईचं शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न, रक्तगट, मातृभाषा आणि ‘घरी इंग्रजी बोलता का’ असे रकाने असतात. खरं तर शिक्षण हक्क कायद्याच्या तेराव्या कलमानं प्रवेशाच्या वेळी मुलाची किंवा आईबापाची चाळणी घ्यायला मनाई केलीय. पहिल्या चुकीला पंचवीस हजारांपर्यंत दंड आहे आणि पुढच्या प्रत्येक चुकीला पन्नास हजारांपर्यंत. म्हणून आता कुणी मुलाखत घेत नाही. ‘संवाद’ साधतात. अक्काचा मुलगा आपल्या पोराच्या प्रवेशासाठी असाच एका शाळेत संवादाला गेला होता. द्राक्षबागांना औषधं विकणारा हा गडी, एरवी शर्ट कधी आत खोचत नाही, तो त्या दिवशी बेल्ट लावून गेला. ‘तुम्ही मुलाला किती वेळ देता’ या प्रश्नाला त्यानं ‘लागंल तेवढा’ असं उत्तर दिलं आणि बायकोनं टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. अर्ध्या तासानं दोघं घाम पुसत बाहेर आली.

मी विचारलं, “आणि तू त्यांना काय विचारलंस?”

“बूट कुठनं घ्यायचे ते.”

याच भाच्याची बहीण न्यू जर्सीत असते. तिच्या मुलाच्या शाळेतून सप्टेंबरात एक पत्र आलं. तिकडं केंद्राचा एक कायदा आहे, २००२ सालचा, २०१५ साली नव्यानं लिहिलेला. गरीब मुलांसाठी असलेला केंद्राचा निधी घेणाऱ्या शाळांत दर वर्षाच्या सुरुवातीला आईबापांना कळवावं लागतं की, बाबांनो, तुमच्या मुलाला शिकवणाऱ्या शिक्षकाची पात्रता विचारायचा तुम्हाला हक्क आहे. त्याच्याकडं त्या इयत्तेचा आणि विषयाचा परवाना आहे का, की तात्पुरत्या सवलतीवर शिकवतोय, स्वतःच्या विषयातच शिकवतोय ना, हाताखाली मदतनीस असेल तर तो काय शिकलाय, हे सगळं. शिवाय नियमात न बसणाऱ्या शिक्षकानं सलग चार आठवडे वर्ग घेतला, तर कुणी विचारण्याआधी शाळेनं आपण होऊन कळवायचं.

भाचीनं हे पत्र व्हिडिओ कॉलवर आईला वाचून दाखवलं. अक्का हादरली. “अगं, शाळाच मास्तरची चौकशी करा म्हणतीय म्हणजे त्याच्यात काहीतरी भानगड असणार! तू पोराला आधी काढ तिथनं.” भाची सांगतेय की हे सगळ्यांना येतं, छापील असतं, कुणी वाचतसुद्धा नाही. अक्काला पटेना. तिनं त्या रात्री न्यू जर्सीतल्या एका गोऱ्या मास्तरसाठी गणपतीच्या देवळाकडं तोंड करून हात जोडले. पुढचे दोन महिने फोनवर पहिला प्रश्न तोच होता, “त्या मास्तरचं काय झालं गं?”

असं पत्र आमच्याकडं आलं तर काय होईल ते मी डोळ्यांसमोर आणून बघितलं आहे. निम्मे आईबाप ते गॅदरिंगच्या वर्गणीचं समजून सही करून परत पाठवतील. उरलेल्यांतले निम्मे सरपंचाकडं जातील. आणि चार आठवड्यांची अट इथं लावली तर शाळेला एक कारकून फक्त पत्रं लिहायला ठेवावा लागेल. कारण मतदार यादीचं काम आलं की गुरुजी गेले, निवडणूक आली की गुरुजी गेले, जनगणना आली की गुरुजी गेले. कायद्यानंच निवडणूक-जनगणनेच्या कामांना परवानगी ठेवलीय, आणि आपल्याकडं निवडणुका तर द्राक्षांच्या छाटण्यांसारख्या एका मागोमाग एक येतातच. तेवढ्यात वर्ग कोण सांभाळतं? चौथीतली हुशार पोरगी. तिची पात्रता तिसरी पास.

पूर्वी हा प्रश्न नव्हता असं जुने लोक म्हणतात. आजोबांच्या काळात मास्तर व्हर्नाक्युलर फायनल झालेला असायचा. सातवी पास म्हणजे गावात शेवटचा शब्द. तोच पत्रं लिहायचा, तोच वाचून दाखवायचा, आणि मनीऑर्डरीवर साक्षीदार म्हणून तोच सही करायचा. मग ‘ट्रेंड’ आणि ‘अनट्रेंड’ अशी वाटणी आली. पुढं डी.एड. आलं आणि शिक्षकाची पात्रता जाहीर करायची एक हक्काची जागा सापडली, ती म्हणजे लग्नपत्रिका. नावापुढं कंस करून डी.एड., बी.ए., बी.एड. असं सगळं ओळीनं. साधारण वीस वर्षांमागं तर ‘मुलगी डी.एड. आहे’ एवढं म्हटलं की स्थळाच्या घरात पोह्यांबरोबर लाडूही पुढं यायचे. कोपऱ्याकोपऱ्यावर डी.एड.ची कॉलेजं निघाली. नंतर भरती आटली, कॉलेजांना कुलपं लागली. पत्रिकेतला कंस तेवढा राहिला. म्हणजे बघा, मास्तर काय शिकलाय हे लग्नाला आलेल्या पाहुण्यांना ठाऊक असतं, आणि तेही अक्षता टाकून झाल्यावर विसरायला. पोरांच्या आईबापांना ते कुठं वाचायला मिळावं?

सरकारनं एकदा मनावर घेतलं होतं. २०२२ च्या ऑगस्टात फर्मान निघालं की वर्गात शिक्षकाचा रंगीत फोटो लावा, ए-फोर आकाराचा. विधानसभेत एका आमदारांनी विषय काढला होता की काही ठिकाणी पगार घेणारा गुरुजी वेगळा आणि शिकवणारा वेगळा. तेव्हा खरा गुरुजी कोण ते भिंतीवर दिसावं. हेतू नामी होता. पण फोटो लावायचा कुठं? आमच्या शाळांच्या भिंतीवर सावित्रीबाई, महात्मा फुले, शाहू महाराज, बाबासाहेब, कर्मवीर अशी रांग असते. खिळे तिथंच ठोकलेले. त्या रांगेच्या शेवटी गुरुजी आले.

आमच्या तालुक्यातल्या एका दुशिक्षकी शाळेत मी तो फोटो बघितलाय. शिक्षक बँकेच्या ओळखपत्रावरचा पासपोर्ट फोटो फोटोवाल्यानं ताणून ए-फोर केलेला, त्यामुळं गुरुजींच्या नाकाला कपाळाएवढी रुंदी आलेली. वर लॅमिनेशन, खाली ठळक अक्षरांत नाव. पहिलीतलं एक पोरगं आईचा पदर ओढून विचारत होतं, “आये, गुरुजी वारलं?” त्याचं काय चुकलं? त्याच्या घरी भिंतीवर फोटो फक्त आज्याचा. आई म्हणाली, “गप. समोर उभं हायत की.” पोरानं एकदा भिंतीकडं बघितलं, एकदा गुरुजींकडं, आणि दोघांत भिंतीवरच्याचं नाक मोठं आहे एवढा शोध लावून ते वर्गात गेलं. गावाला गुरुजींचा चेहरा पाठ होताच. रोज त्याच मोटारसायकलवरून, त्याच वेळी, त्याच वळणावर हॉर्न वाजवत येणाऱ्या माणसाची ओळख पटवून घ्यायची गरज कुणालाच नव्हती. नावाखाली शिक्षणाची एक ओळ टाकायला जागा होती. तिथं फोटोवाल्यानं आपल्या स्टुडिओचं नाव छापलं होतं.

मास्तरांचं शिक्षण या विषयात आमच्या दोन्ही जिल्ह्यांना खराखुरा रस आला तो टीईटीमुळं. शिक्षक पात्रता परीक्षा. दीडशे मार्कांची, नव्वद पडले की पास, राखीव गटाला थोडी सूट. महाराष्ट्रात ती पहिल्यांदा १५ डिसेंबर २०१३ ला झाली आणि तेव्हापासून पास होणाऱ्यांची टक्केवारी बहुतेक वेळा एक आकडीच राहिलीय. पोरांना पस्तीस टक्क्यांना ‘काय दिवे लावलेस’ म्हणणाऱ्या मंडळींचा हा निकाल बघून पोरांना काय वाटत असेल, ते पोरांनी अजून लिहिलेलं नाही. २०२० च्या जानेवारीतल्या परीक्षेत मात्र भलतेच लोक पास झाले. पुढं पुणे पोलिसांनी शोधलं तर मार्क परीक्षेनंतर वाढवलेले निघाले. परीक्षा घेणाऱ्या परिषदेच्या आयुक्तांनाच २०२१ च्या डिसेंबरात अटक झाली. आणि २०२२ मध्ये पैसे देऊन पास झाल्याचा ठपका असलेल्या साडेसात हजारांहून जास्त उमेदवारांची यादी परिषदेनं जाहीर केली.

त्या आठवड्यात साताऱ्यात जेवढं वाचन झालं तेवढं ग्रंथालय सप्ताहात होत नाही. पोवई नाक्यावर मोबाइलवर यादी उघडलेली, पेल्यातला चहा गार झालेला, आणि चार डोकी एका काचेवर. आता आमच्याकडं आडनावं किती? जाधव, पवार, शिंदे, मोरे, पाटील. त्यात नावं संतोष, सचिन, सुनीता, मनीषा. म्हणजे प्रत्येक गावात दोन-तीन मास्तर नाव-आडनावानं यादीत सापडणारच. “हे बघ, आपला जाधव.” “आपल्या जाधवचा बाप निवृत्ती, ह्याचा मारुती.” “बाप बदललाय का बघ नीट.” एका सज्जन शिक्षकांनी शेवटी यादी छापून घेतली, नावात आपल्याशी जुळणाऱ्या माणसाखाली लाल रेघ मारली, बाजूला ‘हा मी नव्हे’ असं लिहिलं आणि ते कागद खिशात घेऊन हिंडले. शिक्षकाची पात्रता जाणून घ्यायचा पालकांचा हक्क महाराष्ट्रात इतक्या उत्साहानं बजावला गेला तो त्या एकदाच, आणि तोही पोलिसांच्या कृपेनं.

मग १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. पहिली ते आठवीला शिकवणारे जे शिक्षक आधीपासून नोकरीत आहेत, त्यांनाही टीईटी पास व्हावंच लागेल, दोन वर्षांत. निवृत्तीला पाच वर्षांहून कमी राहिलेल्यांना नोकरीपुरती सूट, पण बढती हवी तर पास व्हा. झालं. आयुष्यभर प्रश्न विचारलेल्या माणसांच्या हातात प्रश्नपत्रिका आली. शाळेशाळेत जन्मतारखांचे हिशेब सुरू झाले. माझ्या ओळखीचे एक गुरुजी आहेत, पाच वर्षं आणि तीन महिने उरलेले. त्यांची आई अजून आहे. ते तिला म्हणाले, “आई, शाळेत घालताना वय वाढवून सांगायचं होतंस की गं. सगळ्या आया सांगत्यात.”

त्यांचा अभ्यास मी जवळून बघितलाय. रात्री जेवणं झाली की हॉलमधला टीव्ही बंद. सोफ्यावर गुरुजी, हातात बालमानसशास्त्राचं गाइड, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. समोर सातवीतली नात घड्याळ लावून. “आजोबा, पियाजेच्या मते मूर्त क्रियात्मक अवस्था कुठल्या वयात?” आजोबा खिडकीबाहेर बघतात. तीस वर्षांत शेकडो पोरं त्यांच्या हातून लिहायला-वाचायला शिकून गेली. ती कुठल्या अवस्थेत होती हे त्यांना बघितलं की कळायचं, वय कधी विचारावं लागलं नाही. नात म्हणते, “सात ते अकरा. पुन्हा सगळं पाचदा लिहा.” गुरुजी मुकाट्यानं लिहितात. २३ नोव्हेंबरला ते परीक्षेला गेले. केंद्रावर पुढच्या बाकावर बसलेल्या मुलीनं वाकून नमस्कार केला. त्यांचीच विद्यार्थिनी. तिनं त्यांना जादाचं पेन दिलं आणि ‘गुरुजी, घाबरू नका, आधी सोपे सोडवा’ असं सांगितलं. हे त्यांचंच वाक्य होतं म्हणे.

पेपरच्या आदल्या रात्री शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात, कागल तालुक्यात, पेपर फोडून देतो म्हणणारी टोळी पोलिसांनी पकडली होती. डिसेंबरात शिक्षकांनी या सक्तीविरुद्ध राज्यभर शाळा बंद ठेवल्या. त्यांचंही अगदीच खोटं नाही. ज्या वर्षी जो नियम होता त्यात बसून ते लागले होते, आणि नियम मागून येऊन मानगुटीवर बसला. तरी आमच्या नाक्याला त्यात एक सुख सापडलं. तेव्हा पोरं शाळेतून येताना गुरुजींना विचारायची, “गुरुजी, निकाल लागला का?” आणि गुरुजी तेच म्हणायचे जे पोरं घरी म्हणायची, “अजून नाही रे, उशीर होणाराय.”

आता कागद बघून कळतं तरी काय, हाही प्रश्न आहेच. जत तालुक्यात कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. २०२४ मध्ये भरती झाली तेव्हा त्यांतल्या काही शाळांवर मराठी माध्यमाचे शिक्षक नेमले गेले आणि ओरड झाली. कागदावर शिक्षक पात्र. पदवी खरी, टीईटी खरी, नेमणुकीचा आदेश खरा. फक्त मास्तर काय बोलतात ते पोरांना कळेना आणि पोरं काय बोलतात ते मास्तरांना. आईबापांनी अशा वेळी प्रमाणपत्र मागावं तर ते चोख निघणार. त्यांना विचारायचा होता तो प्रश्न कुठल्याच फॉर्मवर नसतो.

उलट्या बाजूचं उदाहरण तर आमच्या घराघरात फोटो लावून आहे. कर्मवीर भाऊराव पाटील. जन्म कुंभोजचा, गाव वाळवा तालुक्यातलं ऐतवडे बुद्रुक, कर्मभूमी सातारा. मॅट्रिक नाहीत. साताऱ्यात त्यांनी आधी शिकवण्या घेतल्या, लोक त्यांना ‘मास्तर’ म्हणायचे. नंतर किर्लोस्करांचे नांगर विकले. १९१९ साली कराडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला ती साताऱ्यात आणली आणि पुढं मास्तर घडवणारी ट्रेनिंग कॉलेजंसुद्धा काढली. शेवटी १९५९ साली पुणे विद्यापीठानं डी.लिट. दिली. आज ते ‘पवित्र’ पोर्टलवर शिक्षकासाठी अर्ज भरायला बसले तर ‘शैक्षणिक अर्हता’च्या रकान्यापाशीच यंत्र अडून बसेल. बाकी तपशील टाकेपर्यंत सेशन संपेल ते वेगळं. हे उदाहरण मी जपून देतो. कारण बारावी पास पोरीला चार हजारांवर वर्ग सोपवणारे संस्थाचालक हाच दाखला देतात, “कर्मवीर तरी कुठं शिकले होते?” त्यांना सांगावं, कर्मवीरांनी स्वतःकडं पदवी नव्हती म्हणून मास्तरांसाठी कॉलेज काढलं. तुम्ही कॉलेज असून मास्तर घेत नाही.

फलटणला तिसराच प्रकार. तिथं मॅक्सीन बर्नसन नावाच्या अमेरिकेत जन्मलेल्या बाई येऊन राहिल्या, फलटणच्या बोलीवर पीएच.डी. केली, भारताचं नागरिकत्व घेतलं आणि पुढं शाळा काढून पोरांना वाचायला शिकवत बसल्या. पोरं त्यांना मॅक्सीन मावशी म्हणायची. पेनसिल्वेनिया विद्यापीठाची डॉक्टरेट ‘क’ ला काना ‘का’ शिकवतेय, हे आमच्या नाक्याच्या हिशेबात कधीच बसलं नसतं. एवढी शिकलेली बाई इथं काय करतीय, इथूनच संशय सुरू झाला असता. आणि साताऱ्याजवळचं कुमठे बीट तर दहा वर्षांमागं तीर्थक्षेत्रच झालं होतं. शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी वर्गात जमिनीवर खडू-चिंचोके-खडे मांडून जो प्रयोग केला तो बघायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या यायच्या. तेच डी.एड., तोच पगार, तीच गळकी कौलं. पाहुणे गुरुजी वर्गाच्या दारात उभे राहून फोटो काढायचे आणि बाहेर आल्यावर एकमेकांना विचारायचे, “ह्यांचं क्वालिफिकेशन काय ओ?”

तेव्हा माहिती मिळवायचा सरळ रस्ता काय? रस्ते आहेत. शाळेचा अकरा आकडी यू-डायस नंबर टाकला की सरकारी रिपोर्ट कार्ड निघतं. नंबर सत्तावीसनं सुरू होतो, पुढं साताऱ्याला एकतीस, सांगलीला पस्तीस. त्यात पदवीधर शिक्षक किती, बी.एड. किती, ही बेरीज मिळते. तुमच्या पोराच्या वाट्याला त्यातला कोण आला ते मिळत नाही. सीबीएसईच्या शाळांना शिक्षकांची माहिती आपल्या संकेतस्थळावर टाकावी लागते. भाच्यानं ती बघायला गेल्या वर्षी एका शाळेचं संकेतस्थळ उघडलं. ‘शिक्षकांची यादी’ यावर बोट ठेवलं की वार्षिक क्रीडा महोत्सवाचे फोटो उघडायचे. तो म्हणाला, “एक कळलं, पी.टी.च्या सरांचा दम चांगलाय.”

उरला माहितीचा अधिकार. आमच्या एका शेजाऱ्यांनी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून एका अनुदानित शाळेत अर्ज टाकला: माझ्या मुलीच्या विज्ञानाच्या शिक्षकांचं शिक्षण कळवावं. कायद्यानं उत्तराला तीस दिवस दिलेत. यांना उत्तर तीस मिनिटांत आलं, फोनवर. “काय ओ साहेब, काय चुकलं आमचं? घरी यायचं, चहा घ्यायचा, कागद कशाला?” संध्याकाळपर्यंत संस्थेच्या संचालकांचा फोन. दुसऱ्या दिवशी मेहुण्याचा, कारण मेहुणा त्याच संस्थेत क्लार्क. तिसऱ्या दिवशी मुलगी रडत घरी आली, “सर म्हणाले, तुझ्या पप्पांना सांग, मी एम.एस्सी. आहे.” म्हणजे उत्तर मिळालं, आणि पप्पा गप्प झाले. लेखी उत्तर महिन्यानं आलं: माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्यानं देता येत नाही. आता नोव्हेंबर २०२५ पासून कायद्यातल्या दुरुस्तीनं असा नकार द्यायला आणखी सोपं झालंय. गंमत अशी की याच कायद्याच्या चौथ्या कलमात कार्यालयांनी न विचारता जाहीर करायच्या गोष्टींची यादी आहे आणि त्यात प्रत्येक कर्मचाऱ्याचा मासिक पगार आहे. पगार उघडा, पदवी झाकलेली.

मला त्या न्यू जर्सीच्या पत्राचा हेवा वाटतो तो एवढ्यासाठीच. त्यात कायदा मोठा आहे असं नाही. ते कंटाळवाणं आहे. दर वर्षी, सगळ्यांना, छापील. त्यामुळं तिथं विचारणारा कुणाचा वैरी ठरत नाही. आमच्याकडं विचारणं म्हणजे अविश्वास, आणि अविश्वास म्हणजे भांडण, आणि भांडण म्हणजे पुढच्या पंचायतीला वेगळं पॅनेल. म्हणून आम्ही सासुरवाडीपासून प्लॉटपर्यंत सगळं मागून काढतो आणि समोर आलो की “बाकी काय म्हणताय सर?”

भाच्याच्या शाळेत यंदा पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती निवडली. फीच्या कायद्यात ती चिठ्ठ्या टाकून निवडायची तरतूद आहे. स्टीलच्या डब्यातून चिठ्ठी निघाली ती नेमकी भाच्याची. पहिल्या सभेला फीचा विषय झाला, बसचा झाला, डब्यात मॅगी नको हा झाला. मग ‘आयत्या वेळचे विषय’ आले आणि भाचा उठला. बेल्ट लावूनच आला होता. “म्हणजे राग नका मानू, सहज विचारतो, आपले शिक्षक काय काय शिकलेत ते सांगितलं तर बरं हुईल.” मुख्याध्यापिका हसल्या, पण त्यांचा हात घंटीकडं गेला. दुसऱ्या रांगेतून तिसरीच्या वर्गशिक्षिका उठल्या, पंचविशीतली मुलगी. एम.एस्सी. गणित, बी.एड., टीईटीचे दोन्ही पेपर, सेट. सगळं एका दमात. खोलीत सन्नाटा. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली. टाळ्या थांबल्यावर ती म्हणाली, “आता पगार विचारा.”

मुख्याध्यापिकांनी घंटी वाजवली. शिपाई किटली घेऊन आला, मागून भडंगाच्या प्लेटा आल्या.

इतिवृत्त लिहायचं काम चिठ्ठीनं भाच्याकडंच आलं होतं. त्यानं मला फोन करून विचारलं, “मामा, हे कसं लिहायचं?” मी म्हटलं, झालं तसं लिही. पण मसुदा शाळेनंच तयार ठेवला होता, त्यानं फक्त सही केली: ‘आयत्या वेळच्या विषयात पालकांनी शिक्षकांच्या शैक्षणिक पात्रतेबद्दल समाधान व्यक्त केले. चहापानानंतर सभा संपली.’